कोरडा हात

आमच्या घरात भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास यायचा. आई मुरगूडहून रोज वडापच्या जीपनं निपाणीला जायची, तंबाखूच्या वखारीत. दिवसभर पाला झोडायचा, चाळायचा, पोती भरायची. संध्याकाळी घरात शिरायच्या आधी ती दारातच लुगडं झटकायची, हातपाय घासून धुवायची, तरी पीठ मळताना तो वास तिच्या तळव्यांतून उतरायचाच. धाकटा भाऊ जवळ गेला की शिंकायचा, म्हणून ती त्याला लांबूनच खेळवायची. बाबा गुळव्या होते. गुऱ्हाळात काहिलीपाशी उभं राहून रसाचा गूळ कधी झाला हे सांगायचं, हे त्यांचं काम. उकळता पाक बोटांवर घेऊन त्याची गोळी वळते का बघायची. वर्षानुवर्षं हेच केल्यानं त्यांच्या बोटांना चटका म्हणून लागायचा नाही. मी सातवीत असताना काहील उतरवताना हिसका बसला आणि पाक त्यांच्या डाव्या पायावर आला. पाय राहिला, बोटं एकमेकांना चिकटली. पुढची दोन वर्षं घर वखारीवर चाललं. शाळेतून आले की पट्टी मी बदलायची. पट्टी सोडवताना बाबा ओरडायचे नाहीत, मला पाढे विचारायचे. त्यांना स्वतःला बारापर्यंतच येत होते. मी बाराच्या पुढं गेले की ते नुसतं "बरोबर" म्हणायचे.

भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. मी चढले. पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला जाऊन भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. हे मी मुद्दाम लिहिते. ज्यांच्या घरात पदव्यांची रांग आहे त्यांना यात काही वाटणार नाही, आणि त्यांच्यासाठी मी लिहीतही नाही.

चंदगडच्या वरच्या अंगाला, जिथून खाली कोकण दिसतं अशा एका सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, एक वेधशाळा आहे. तिचं नाव सांगणार नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत, मीही आहे. वेधशाळा म्हटलं की लोकांना शास्त्रज्ञ आठवतात. शास्त्रज्ञ तीन-चार रात्रींसाठी येतात, आपापले तारे बघतात आणि जातात. बारा महिने तिथं राहतात ते टेलिस्कोप चालवणारे, जनरेटर बघणारे, आरसा धुणारे. मी तिथं अकरा महिन्यांच्या करारावर ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिल्याच दिवशी भूपाल चौगुल्यांच्या हाती पडले.

सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. पेठ वडगावच्या जैन शेतकरी घरातले. शिक्षण आयटीआय फिटर, आधी कोल्हापुरात एका कारखान्यात लेथवर. वेधशाळेचा पाया खणत होते तेव्हापासून ते त्या सड्यावर होते. उंच, वाळका माणूस, बारा महिने डोक्यात माकडटोपी. माणसाला नावानं हाक मारायची नाही, गावानं मारायची, ही त्यांची रीत. जनरेटर आणि जीप दोन्ही सांभाळणारा शिवाजी हा "नेसरी". मी "मुरगूड". पुण्याहून येवो की परदेशातून, शास्त्रज्ञ सगळे "पावणं".

"पावण्याला गाव नसतंय," ते म्हणायचे. "त्यो येतोय, खातोय, जातोय. आरसा हितंच ऱ्हातोय."

सूर्य बुडायच्या आत जेवायचं, मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. जिथं सगळ्यांचा दिवस सूर्य बुडाल्यावर सुरू होतो तिथं हा माणूस साडेपाचला ताट पुसून मोकळा. शिवाजी त्यांना चिडवायचा, "आण्णा, जगातला एकच ऑपरेटर हाईसा तुमी, तारं उगवायच्या आत हात धुणारा."

"तुज्यासारखा रात्री बाराला रस्सा हाणून ढेकर देत न्हाय, म्हणून आरसा सवच्छ हाय."

दिव्याला पतंग यायचे. टेलिस्कोपच्या घुमटात, डोममध्ये, पतंग शिरला तर आण्णा तो मारू द्यायचे नाहीत. मऊ कुंचल्यानं, कागदावर घेऊन, बाहेर गवतात सोडून यायचे. एकदा एका पालीसाठी त्यांनी पाऊण तास काम थांबवलं होतं. हे मी आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की माणसात दया नव्हती. होती. ती पालीला, पतंगाला मिळायची.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नजर मनगटावर थांबवली. आईनं निघताना हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, पाच आणि पाच.

"काढ."

आरशाच्या वर जाणाऱ्याच्या अंगावर सुटं काही नको; पेन नको, अंगठी नको, चष्म्याला दोरी पाहिजे. काचेवर काही पडलं तर टेलिस्कोप गेला. नियम बरोबरच होता. मी साबण लावून बघितला. आईनं घट्ट भरल्या होत्या, हाडावरून उतरेनात. "उद्यापातूर काढतो," मी म्हटलं. आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच बोलतात, पुण्याची पाहुणी मंडळी हसायची, हसू देत.

"उद्याचं काम उद्या. आजचं आज."

त्यांनी मला वर्कशॉपात नेलं, माझा हात टेबलावर ठेवला आणि पकड घेऊन एकेक बांगडी दाबली. कट्, कट्. दहाच्या दहा. शेवटच्या दोनांनी मनगट कापलं. माझं लग्न व्हायचं होतं. शिवाजी दारात उभा होता, त्याला राहवलं नाही. "आण्णा, निदान वाढवल्या म्हणा की वो."

"फोडल्या. वाढवाय काय झाड हाय व्हय?" त्यांनी काचा झाडूनं गोळा केल्या. "आन् तू रडू नगंस. ह्यो हात आता तुजा न्हवं, आरशाचा हाय."

मी रडले नव्हते. त्यांना तसं बघायचं असावं.

आमच्या कामात सगळ्यात मोठा वैरी धुकं. कोकणातून वर येतं आणि सड्यावर चढलं की चार-पाच मिनिटांत सगळं ओलं करतं. आरशावर आधीच बारीक धूळ असते, तिच्यावर दव बसलं की चिखल होतो आणि वरचा चांदीसारखा मुलामा डागाळतो. तो पुन्हा चढवायला आरसा उतरवायचा, धुवायचा, निर्वात टाकीत घालायचा; टेलिस्कोप तीन-चार आठवडे आंधळा. हवेतला ओलावा मोजायला मीटर आहे, पण तो खांबावर, पूर्वेच्या अंगाला. धुकं येतं पश्चिमेच्या दरीतून. मीटरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. डोमच्या बाहेर गोल गॅलरी आहे, तिला लोखंडी कठडा आहे, आणि हवेतलं पाणी सगळ्यात आधी त्या लोखंडावर उतरतं. म्हणून एक माणूस कठड्यावर हाताची मागची बाजू टेकवून उभा राहतो. खाली संगणकापुढं बसलेला दर दहा मिनिटांनी फोनवर विचारतो, "हात?" वरचा सांगतो, "कोरडा." किंवा "वला." ओला म्हटलं की डोमची झडप बंद. कोणाला विचारायचं नाही. ही पद्धत आण्णांनीच पाडली होती.

तो हात त्यांनी मला शिकवला. तीन महिने दुसरं काही दिलंच नाही. दुपारी कठड्यावर कुठंतरी ओल्या फडक्याचा एक पुसटसा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "डोळं मीट. हुडक." मी सापडेल तिथं थांबायची.

"काय लागतंय?"

"गार."

"गार मला हितनं दिसतंय. वलं हाय का?"

"हाय."

"न्हाय. त्यो पलीकडचा गज. लिव्ह."

लिव्ह म्हणजे नोंदवहीत. दिवसभराच्या नोंदींखाली मी माझ्या अक्षरात लिहायचं: "मुरगूड चुकली." ती वही महिन्याला पुण्याच्या मुख्य ऑफिसात, साहेबांकडं जायची. माझ्या अक्षरातल्या तसल्या चाळीसेक ओळी त्या वह्यांत आहेत. एकदा मी म्हटलं, "आण्णा, शिकताना चुकणारच की माणूस. वहीत कशाला?"

"चुकलेलं वहीत न्हाय लिव्हलं तर ते चुकलं कशावरनं?"

हे वाक्य मला पटलं होतं, आजही पटतं.

तीन वर्षं झाली. कायम करायचा प्रस्ताव निघाला, त्यावर आण्णांचा शेरा आणि सही लागत होती. कागद त्यांच्या कपाटात गेला तो वर्षभर तिथंच. विचारलं की म्हणायचे, "अजून कच्ची हाईस." साहेबांकडून निरोप आला होता: या वेळी शेरा नाही आला तर करार पुढं वाढणार नाही. घरी आई खोकत होती. वखारीतल्या मुकादमानं तिला सांगून ठेवलं होतं, तुला होत नसलं तर पोरीला पाठव, जागा धरून ठेवतो. माझी बी.एस्सी. त्या कपाटात होती.

त्याच वर्षी एक पोरगा आला, पीएच.डी.चा. दोन वर्षं अर्ज करून त्याला तीन रात्री मिळालेल्या. दोन ढगांत गेल्या. तिसरी मोकळी. त्याचा तारा डोंगरामागून वर आला, छायाचित्राला पाऊण तास लागणार होता, अर्धा तास झाला, आणि वरून आण्णांचा फोन. "वला. बंद कर."

पोरगा गॅलरीत धावत गेला. मी मागोमाग. त्यानं खरोखर हात जोडले. "आण्णा, पंधरा मिनिटं. माझं सगळं वर्ष यावर आहे."

"पावणं, खाली जावा. थंडी लागंल."

"दरीत काहीच दिसत नाहीये हो! चांदणं पडलंय!"

"तुमचं डोळं पंचवीस वर्साचं. माझा हात सत्तावन्न वर्साचा."

झडप बंद झाली. त्या रात्री धुकं आलंच नाही. पोरगा जिन्यात बसून राहिला, आण्णा त्याच्या अंगावरून ओलांडून झोपायला गेले. सकाळी शिवाजी म्हणाला, "आण्णा, पोराचं वाटुळं केलासा."

"आलं न्हाय ते बरं झालं," एवढंच. धुक्याबद्दल बोलत होते.

त्या वर्षी आम्ही फार वेळा बंद केलं. पाहुणे चिडायचे, पुण्याहून पत्रं यायची. मला अभिमान वाटायचा, की बघा, आमचा माणूस कुणाला जुमानत नाही. आता मला वाटतं, तेव्हाच त्यांना कठड्याचं काही कळत नव्हतं आणि ते भीतीनं बंद करत होते. मग पत्रं वाढली, साहेबांनी दटावलं, तसे ते उघडं ठेवू लागले. तेही अंदाजानंच.

मला आधीच कळायला हवं होतं. पावसाळ्यात टेलिस्कोप चार महिने बंद असतो, तेव्हा आरसा उतरवून धुतात. त्या दिवशी डोममध्ये कोणी बोलायचं नाही, थुंकीचा कण उडायला नको. आण्णा बाळाला न्हाऊ घालावं तसं त्या काचेवर पाणी सोडायचे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात धुणं आटोपल्यावर शिवाजीनं चहा आणला, स्टीलच्या पेल्यांत, उकळता. आम्ही सगळ्यांनी पेला रुमालात धरला. आण्णांनी उघड्या हातानं धरला आणि सावकाश गोष्ट सांगत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांवर फोड होते. मी बघितले. आणि मला काय वाटलं? बाबा आठवले. मला वाटलं, काम केलेला हात असाच असतो, त्याला चटका लागत नाही. मला कौतुक वाटलं. बाबांच्या बोटांना कधी फोड यायचे नाहीत, हा फरक बी.एस्सी. झालेल्या माझ्या डोक्यात आला नाही.

फेब्रुवारीत, दिवस मावळून तासभर झाला असेल. दोन पाहुणे प्राध्यापक खाली माझ्या शेजारी बसले होते. आण्णा वर.

"आण्णा, हात?"

"कोरडा."

दहा मिनिटांनी पुन्हा. "कोरडा." पडद्यावर ताऱ्यांच्या कडा पिसारल्यासारख्या दिसायला लागल्या. खांबावरचा मीटर ठीक दाखवत होता. मी पुन्हा फोन केला. "आण्णा, तारं फिस्कटल्यात. नीट बघा की."

"तुला हात मी शिकवला, का मला तू?"

मी गप्प बसले. एक प्राध्यापक म्हणाले, "चौगुले वर आहेत ना? मग काळजी नाही." आणखी दहा मिनिटं गेली. मग मला खोलीत ओल्या मातीचा वास आला, तशी मी उठून जिना चढले. गॅलरीत पाच फुटांवरचं दिसत नव्हतं. आण्णा कठड्याला हात टेकवून उभे होते, नेहमीसारखे, मान जरा कलती. मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. कठड्यावरून पाणी गळत होतं. त्यांच्या मनगटावरून ओघळून बाहीत शिरत होतं.

"आण्णा!"

"कोरडा हाय," ते म्हणाले.

झडप बंद व्हायला चार मिनिटं लागतात. ती झाल्यावर मी बॅटरी मारून बघितलं. आरशावर घाम आला होता. मधोमध, ताटाएवढ्या जागेत, थेंब धुळीला घेऊन खाली सरकत होते. आण्णा माझ्या मागं आले, वाकून बघितलं आणि तसेच जिन्यावर बसले. प्राध्यापक काहीतरी ओरडत होते, शिवाजीनं त्यांना खाली नेलं.

वही लिहायची पाळी माझी होती. नियंत्रण खोलीत आम्ही दोघंच.

"काय लिव्हणार हाईस?"

"झालं ते."

"मीटरची तार ढिली झालती म्हणून लिव्ह." ते माझ्याकडं बघत नव्हते. "मीटर काय माणूस न्हवं. त्येची नोकरी जात न्हाय."

"मीटर खांबावर हाय, आण्णा. कठड्यावर तुमचा हात हुता."

"दोन वर्सं ऱ्हायल्यात माझी. हितनं खाली जाऊन काय करू मी? वडगावात म्हशी राखू?"

 मग ते उठले, कपाट उघडलं आणि माझा प्रस्ताव काढला. माझ्यासमोर बसून त्यावर शेरा लिहिला. पेन नीट धरता येत नव्हतं, अक्षरं मोठी मोठी आली. खाली सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "काम चोख. हात खात्रीचा."

"घे. आता लिव्ह."

मी कागद घेतला, घडी घालून पिशवीत ठेवला. मग वही ओढली आणि लिहिलं: कठडा ओला. आण्णांचा हात कठड्यावर. त्यांना कळलं नाही. आरसा भिजला. वेळ घातली, सही केली.

त्यांनी वही फिरवून वाचली. बराच वेळ वाचली, एवढ्याशा चार ओळी. "कागद माघारी दे."

"न्हाय देत."

"वखारीतली हाईस. वखारीतलीच ऱ्हाशील."

"व्हय," मी म्हटलं. "आन् तुमी कायम केलेली."

पुढच्या आठवड्यात पुण्याहून साहेब आले. चांगला माणूस, म्हणूनच त्यांना खरं वाटेना. ऑफिसात अकराच्या उन्हात आम्ही सगळे बसलो होतो; ते दोन प्राध्यापक आधीच निघून गेले होते. साहेब वही बाजूला सारून म्हणाले, "चौगुल्यांचा हात चुकेल असं मला नाही वाटत. तुमचीच काही गडबड झाली असेल. घाबरला असाल."

आण्णा मान खाली घालून होते. त्यांनी ती वर केली, एवढी एकच संधी त्यांना दिसली. "पोरगी खाली झोपली असंल, सायेब. मी वरनं वला म्हणून सांगिटलं हुतं."

मी म्हटलं, "सर, परीक्षा घ्या."

"कसली?"

"हाताची. माझी रोज व्हायची."

मी पाण्याची बादली आणि आरसा पुसायच्या मलमलचे तीन तुकडे आणले, एक भिजवला, दोन कोरडे. शिवाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे की गं." साहेबांनी आण्णांकडं बघितलं, आणि आण्णांना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणणं म्हणजे कबूल करणं होतं. त्यांनी दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले.

"डोळं मिटा, आण्णा."

मिटले. मी एका हातावर ओला, एका हातावर कोरडा तुकडा ठेवला. "कुठला वला?"

"उजवा." चूक. मी अदलाबदल केली. "डावा." चूक. मग बरोबर, मग चूक. दरवेळी ते ठणकावून सांगायचे, गॅलरीतून सांगायचे तसं. पाचव्यांदा मी दोन्ही कोरडे ठेवले.

"डावा. डावा वला."

साहेब म्हणाले, "पुरे."

"अजून एकदा, सर," मी म्हटलं. दोन्ही तुकडे बादलीत बुडवले, न पिळताच त्यांच्या हातांवर टाकले. पाणी टेबलावरून त्यांच्या पॅंटवर, बुटावर गळायला लागलं. ऑफिसात त्या थेंबांचा आवाज येत होता. तो आवाज त्यांनी ऐकला असता तरी त्यांना कळलं असतं, पण ते दुसरंच काही ऐकत असावेत.

"दोन्ही कोरडं," आण्णा म्हणाले.

मग डोळे उघडले.

 त्यांनी फडकी बघितली, बुटावरचं पाणी बघितलं. मग एक हात पॅंटला पुसला, दुसरा पुसला, आणि पुसला गेला का ते डोळ्यांनी बघून घेतलं. शिवाजी बाहेर निघून गेला.

कोल्हापुरातल्या डॉक्टरनं सांगितलं, साखर. कित्येक वर्षांची असणार. हातापायांच्या नसा मेल्या आहेत, तळपायाला जखम आहे तीही यांना ठाऊक नाही. साहेबांनी त्यांना काढलं नाही. कोल्हापुरातल्या ऑफिसात, सामानाच्या खोलीवर बसवलं. ज्या माणसानं बाहेर मोकळ्या सड्यावर आयुष्य काढलं त्याला खिडकी नसलेली खोली दिली. दोन वर्षं त्यांनी तिथं पुरी केली. शिवाजी त्यांना जीपनं खाली सोडायला गेला होता. घाटाच्या वळणावर, जिथून डोम शेवटचा दिसतो, त्यानं गाडी उभी केली. "बघा की आण्णा."

"काय बघू? झाकलाय," म्हणाले आणि पुढं बघत बसले. त्या दिवशी डोम खरंच बंद होता, आरसा उतरवलेला.

शिवाजी माझ्याशी दोन महिने बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, "बापाच्या वयाचा माणूस त्यो. शेवटची ती बादली कशाला केलीस?"

मी सांगितलं, "साहेबांना शंका ऱ्हाय नगं म्हणून." हे खरं आहे. पूर्ण खरं नाही. मला त्यांचे हात तसे टेबलावर बघायचे होते.

आणखी एक. आण्णांनी दटावल्यावर मी खाली गप्प बसले ती दहा मिनिटं. पडद्यावर तारे फिस्कटलेले मला दिसत होते आणि झडपेचं बटण माझ्या हाताखाली होतं. तेव्हा बंद केलं असतं तर आरसा वाचला असता. ती दहा मिनिटं मी वहीत लिहिली नाहीत. साहेबांनाही सांगितली नाहीत. आण्णांना ती ठाऊक होती. त्यांनी ती चौकशीत काढली असती तर माझं कायम होणं तिथंच राहिलं असतं. त्यांनी काढली नाहीत. मी झोपले होते असं खोटं सांगितलं, पण हे खरं सांगितलं नाही. का, ते मी पुष्कळ विचार करूनही सांगू शकत नाही. कदाचित त्यांच्या लेखी वरून हात कोरडा म्हटल्यावर खालच्यानं बंद न करणं ही चूकच नसेल. त्यांनी पाडलेली पद्धत तशीच होती.

गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या एसटी स्टॅंडवर मी मुरगूडच्या गाडीची वाट बघत होते. दुपारची वेळ. पलीकडच्या फलाटावर आण्णा. माकडटोपी नव्हती, केस पूर्ण पांढरे. उजव्या पायात बूट नाही, पट्टी आणि मोठी चप्पल. शेजारी सून मोसंबी सोलून एकेक फोड त्यांच्या तोंडाजवळ धरत होती. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं नाही. मी जवळ गेले.

"नमस्कार, आण्णा."

त्यांनी फोड चावून संपवली. बिया हातात थुंकल्या, सुनेनं त्या टिपून घेतल्या. मग म्हणाले, "औंदा किती रात्री उघडा ठिवलास?"

मी आकडा सांगितला.

"कमी हाईत," ते मोठ्यानं म्हणाले, सुनेला ऐकू जावं असं. "माझ्या टायमाला लई जास्त व्हायच्या."

सून कौतुकानं हसली. मला गप्प बसता आलं असतं. सुनेनं सोलून दिलेली मोसंबी खाताना एवढं म्हणायचा हक्क त्या माणसाला होता.

"न्हाय, आण्णा," मी म्हटलं. "तुमच्या शेवटच्या दोन्ही वर्सांपेक्षा जास्त हाईत. वह्या माझ्याकडं हाईत, मी मोजल्यात."

सुनेचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, अगदी नीट, चुकलेल्या नोंदीकडं बघावं तसं. तेवढ्यात वडगावची गाडी लागली. माणसं धावली. सून त्यांना दंडाला धरून दाराशी घेऊन गेली, पाय पायरीवर बसला की नाही हे ते खाली बघून ठरवत होते, मागची माणसं ओरडत होती, "आवरा की, म्हातारं!" तिसऱ्या खेपेला चढले. खिडकीची जागा मिळाली, पण ती पलीकडच्या अंगाची होती.

आई आता वखारीत जात नाही. मुरगुडात दोन खोल्यांचं पक्कं घर आहे, बाबा तिथं दारात खुर्ची टाकून बसतात. भाऊ इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षं झाली, त्या टेलिस्कोपची मुख्य ऑपरेटर मी आहे, त्या जागेवर बसलेली पहिली बाई. या चार वर्षांत आरसा एकदाही भिजलेला नाही.